पाचवा ठोका

१

वेढ्याला तिसरा महिना लागला, तोवर किल्ल्यातल्या लोकांना तोफांची इतकी सवय झाली होती, की आवाज थांबला तरच माणसं दचकायची. समोर समुद्रात शत्रूची बावीस गलबतं, वाळूवर त्यांचे तंबू, आणि तंबूंच्या पुढे तटाकडे तोंड करून बसलेल्या तोफा. किल्ला सोडा, जीव वाचवा, असा निरोप तीनदा आला. तिन्ही वेळा किल्लेदाराने तटावरून एकच उत्तर धाडलं, "बसा म्हणावं. पाणी आहे आमच्याकडे."

हे उत्तर किल्ल्यात भलतंच गाजलं. जावई रुसून बसला तरी तेच, शेजारीण अडून बसली तरी तेच. पण त्यात नुसती फुशारकी नव्हती. तिन्ही बाजूंनी खारं पाणी असलेल्या त्या कातळात गोड्या पाण्याची विहीर होती, आणि ती खणणारा माणूस किल्ल्यातलाच होता. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्या विहिरीनेच घेतलं, म्हणून सगळे त्याला तीनबोट्या म्हणत. तोही त्या नावाला खुशाल ओ द्यायचा.

तीनबोट्या एकोणीस दिवसांपूर्वी गेला. म्हणजे, गेला असं सगळ्यांनी धरलं. शत्रू भुयार खणून तटाखाली सुरुंग लावणार अशी कुणकुण लागली, तेव्हा आतून समोरासमोर भुयार खणून त्याला वाटेतच गाठायचं ठरलं. धान्याच्या तळघरातून तीनबोट्या आत शिरला आणि दुसऱ्या दिवशी भुयाराचं छत कोसळलं. त्याच्या बायकोने तोंडाशी बसून संध्याकाळपर्यंत हाका मारल्या, हातोडीने ठोके दिले. आतून काही आलं नाही. अर्धं कोसळलेलं भुयार म्हणजे शत्रूला उघडं दार, तेव्हा किल्लेदाराने ते दगड-चुन्याने बंद करायला सांगितलं. सांगण्याआधी त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. आपली ती हललेली मान तिला पुढे एक दिवसही विसरता आली नाही.

आता ती रोज सकाळपासून दुपारपर्यंत त्याच भिंतीशी बसायची. समोर पाण्याने भरलेली तांब्याची परात, शेजारी दिवा. जमिनीखाली कुठे पहार पडली की परातीत बारीक वलयं उठतात. कानाला कळायच्या आधी पाण्याला कळतं. तोफा तटाच्या दुसऱ्या टोकाला धडाडत, त्यांची थरथर तिला ओळखू यायची आणि ती सोडून द्यायची. बाकी वेळ पाणी गप्प असायचं, आणि ते तसं असणं म्हणजे किल्ला शाबूत असणं.

२

विहिरी खणणाऱ्यांच्या घरात पोर बोलायला लागण्याआधी ठोके शिकतं, असं म्हणायला हरकत नाही. एक माणूस खाली खणत असतो आणि घरचंच कुणीतरी वर दोर सांभाळत असतं. वर यायचं झालं की खालचा चार ठोके देतो. वरच्याने दोर कमरेला गुंडाळायचा, पाय रोवायचे आणि मगच पाचवा द्यायचा. पाचवा म्हणजे शब्द दिला. दोर धरलाय, ये. त्यानंतर ओढावंच लागतं, तळहाताची सालटी निघाली तरी. आणि दोरच तुटला, तर पालथी परात दोनदा बडवायची. दोर गेला, येऊ नकोस. ही खूण शिकवतात सगळ्यांना, पण खरोखर वाजवलेली कुणी ऐकली नव्हती. आपल्या माणसाला असं सांगायची वेळ कुणावर येऊ नये.

चार ठोक्यांची लकब प्रत्येकाची निराळी असते. तीनबोट्या डावखुरा. पहिल्या ठोक्यानंतर हातोडीची पकड सावरायला त्याला क्षणभर लागायचं. त्यामुळे त्याचे ठोके एक, मग जरा थांबून तीन झरझर. चौदा वर्षं तिने ते ऐकले होते, आणि चौदा वर्षं विहिरीच्या काठावर आलेला तो तीन बोटांचा हात आधी तिने धरला होता.

विसाव्या दिवशी सकाळी ती दिव्याची वात सारत होती, तेव्हा भिंतीआडून आवाज आला.

ठक ठक ठक. ठक.

तिच्या हातातून वात निसटली. तिने भिंतीवर हात टेकला. जिवंत आहे! माझा माणूस जिवंत आहे!

ठक ठक ठक. ठक.

मग तिची नजर परातीवर गेली. पाणी गप्प होतं. त्यात दिव्याचं प्रतिबिंब होतं आणि ते जराही हलत नव्हतं. आवाज तर इतका स्पष्ट, की चुना पापुद्र्यांनी गळून पडावा. तिने बोटाने परातीला हलकेच टिचकी मारली, तर पाण्यावर वलयं उठली. परातीचं काही बिघडलेलं नव्हतं.

आणि ठोके उलटे होते. तीन झरझर, मग एक.

ती बाई काही भोळसट नव्हती. तिने स्वतःला नीट बजावलं. ठोके सारखे चालू असले तर कुठून मोजायला लागतो त्यावर सगळं अवलंबून. मी मधूनच ऐकायला लागले असेन. एक थांबून तीन, तीन थांबून एक, ओळीने ऐकलं तर दोन्ही सारखंच. पण मग आवाज थांबला. तिने वाट पाहिली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तेव्हा आधी आले ते तीनच.

हातोडी तिच्या शेजारीच पडली होती. ती तिने उचलली नाही.

३

दुपारी दीर आला. तीनबोट्याचा धाकटा भाऊ. तटावर तोफांच्या दारूच्या पिशव्या पोचवायचा, तोंड सदा काजळीने माखलेलं. दोन ठोके ऐकले आणि त्याने भिंतीवर दोन्ही तळवे ठेवले.

"दादा आहे! वहिनी, दादा आहे आत!"

"हळू बोला, भाऊजी. सासूबाई झोपल्यात."

सासूबाई तळघरातच राहत होत्या. घरावर गोळा पडून छप्पर गेलं, तेव्हापासून धान्याच्या कणग्यांमागे त्यांचं अंथरूण. कानांनी जवळजवळ साथ सोडलेली, पण काठी जमिनीला टेकलेली असली की पायऱ्यांवरून कोण येतंय ते त्या न बघता सांगायच्या.

"झोपल्यात तर उठव! पोरगा जिवंत आहे तिचा!" दीर एकदम अगंतुगंवर आला, मग सावरला. "मी पहार आणतो. दोन दगड काढले की झालं."

"पाणी बघा."

त्याने परातीकडे पाहिलं. पुन्हा ठोके आले. पाणी थिजल्यासारखं होतं.

"परातीत काय बघायचंय? कान आहेत ना आपल्याला?"

"वीस दिवस झाले. खायला काय होतं आत? श्वास कशाने घेतला?"

"पाणी झिरपत असेल. फट असेल कुठेतरी. माणूस चिवट असतो, दादा तर कातळ आहे."

"ह्यांचे ठोके असे नाहीत, भाऊजी. हे उलटे आहेत."

"उलटे!" तो हसला, आणि हसताना त्याच्या काजळलेल्या गालांवरून दोन पांढऱ्या रेघा उतरल्या. "वीस दिवस गाडल्यावर तुम्ही सुलटे वाजवाल? वहिनी, खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही मान हलवलीत म्हणून आता तोंड दाखवायला घाबरताय ना?"

हे तिला जिव्हारी लागलं, कारण तीच शंका सकाळपासून ती स्वतःवर घेत होती. ती सरळ उठली आणि किल्लेदाराकडे गेली.

किल्लेदार खाली आला, भिंतीला कान लावून बराच वेळ उभा राहिला. "डाव आहे," शेवटी तो म्हणाला. "त्यांनी तुमच्यातलं कुणी फितवलं, खुणा शिकून घेतल्या. आपण आपल्या हाताने भिंत पाडावी म्हणून बसलेत वाजवत."

"शत्रू असता तर पाणी हललं असतं."

त्यावर तो खाली वाकला. दाढी खाजवत परातीकडे बघत राहिला. "कान तुझा आहे, बाई," तो म्हणाला. "तू म्हणशील तेव्हाच भिंत उघडेल, आणि नाही म्हणशील तर कुणी दगडाला हात लावायचा नाही." जाताना तो पायऱ्या नेहमीपेक्षा भरभर चढला.

म्हणजे दुसऱ्यांदा तिच्याच मानेवर आलं. हो म्हणावं आणि चूक निघाली, तर आठशे माणसं गेली. नाही म्हणावं आणि आत खरंच तो असला, तर तिने त्याला दोनदा गाडलं.

तीन दिवस ती नाही म्हणत राहिली. तीन दिवस ठोके येत राहिले. विश्रांती न घेता, दमल्याचं लक्षण नाही, एका अंतराने. खणणारा माणूस खोकतो, थुंकतो, देवाला आणि दगडाला शिव्या देतो. भिंतीआडून त्यातलं काही आलं नाही.

४

चौथ्या दिवशी सकाळी शत्रूने शिड्या लावल्या. वर एकच गदारोळ उठला. तळघराच्या छतातून माती गळत होती आणि परातीतलं पाणी नुसतं उसळत होतं, त्यात काही वाचण्यात अर्थ नव्हता. अशा वेळी दीर पहार घेऊन खाली आला.

"भाऊजी, तटावर जा. तिथे हात कमी आहेत."

"आज किल्ला पडला तर दादा आतच राहील. बाजूला व्हा."

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "आधी मला काढा इथून."

तो तिला हात लावणार नव्हता, तेवढा तो भला होता. पहार धरून नुसता उभा राहिला. पाठीमागच्या दगडातून ठोके तिच्या मणक्यात शिरत होते.

ठक ठक ठक. ठक.

कणग्यांजवळ सासूबाई धान्य निवडत बसल्या होत्या. भांडण त्यांना ऐकू येत नव्हतं. तीन दिवस सुनेने जमिनीला टेकू न दिलेली काठी मांडीवरून घसरली आणि तिचं टोक जमिनीला टेकलं. त्यांनी मान वर केली. आधी नवऱ्यासाठी, मग मुलासाठी, चाळीस वर्षं त्यांनी विहिरीच्या काठावर उत्तर दिलं होतं. हाक आली की तोंडातून ओ निघते, तसा त्यांचा हात आपोआप उठला. चेहऱ्यावर साधं, घरगुती समाधान होतं.

"आई, नको!" ती ओरडली.

सासूबाईंनी काठीने जमिनीवर पाचवा ठोका दिला.

भिंतीआडचा आवाज थांबला. वरचा गदारोळही जणू कुणीतरी झाकण घालून बंद केला. तिच्या खांद्याजवळचा एक दगड मागे सरकला. कुरकुर नाही, धूळ नाही; ओट्यावरून वाटी उचलावी तितक्या सहज. काळं भोक उरलं, आणि त्यातून एक हात बाहेर आला.

अंगठा आणि दोन बोटं. बाकीच्या दोन बोटांच्या जागी जुनी, गुळगुळीत झालेली थोटकं.

"दादा!" दिराने पहार टाकली आणि दोन्ही हातांनी तो हात पकडला. "ऊब आहे, वहिनी! हात गरम आहे!" तो हसत होता, रडत होता. मग त्याचं हसणं अर्धवट राहिलं. "दादा, हळू. अरे, हळू जरा..."

ओढत दीर नव्हता. तो हात ओढत होता. पाचवा दिला होता ना, आता ओढणं भागच होतं. फक्त दोराचं कुठलं टोक कुणाकडे, ते उलटं झालं होतं. दिराचं मनगट भोकात गेलं, मग कोपर. त्याचा खांदा दगडावर आपटला. तो किंचाळलाही नाही, नुसता आश्चर्याने तिच्याकडे बघत राहिला.

ती त्या हाताकडे बघत होती. चौदा वर्षं काठावर धरलेला हात. थोटकांवरची प्रत्येक घडी ओळखीची, अंगठ्यावरचा डागसुद्धा. पण अंगठा भलत्या बाजूला होता. तीनबोट्याची बोटं डाव्या हाताची गेली होती, आणि हा हात उजवा होता. त्याच्यासमोर बसून, त्याला बघून बघून कुणीतरी तो शिकलं होतं, आणि समोरून शिकणाऱ्याची चूक करून बसलं होतं.

मग तिला भीती वाटली नाही, राग आला. असा राग की डोळ्यांपुढे लाल झालं. माझ्या माणसाचा हात घालून माझ्याच दारात!

तिने परात उचलली, पाणी भिरकावून दिलं आणि ती पालथी करून हातोडीने बडवली. एक. दोन.

त्या दगडी खोलीत तो आवाज फिरत राहिला. दिराने ऐकला आणि त्याचा चेहरा पडला; त्या घरात वाढलेल्या कुणालाही त्या खुणेचा अर्थ सांगावा लागत नाही. "काय केलंत हे, वहिनी," तो पुटपुटला.

"दोर गेला!" ती भोकाकडे तोंड करून ओरडली. "आमच्याकडे दोर नाही. ऐकलंस? यायचं नाही!"

पकड सुटली. दीर मागे कोसळला. तो हात क्षणभर हवेत तसाच राहिला, बोटं किंचित वाकवून, काहीतरी विसरल्यासारखा. मग सावकाश आत गेला. निरोप घेऊन निघालेला पाहुणा दार लोटून घेतो, तसा दगड मागोमाग आपल्या जागी येऊन बसला.

५

शिड्या त्याच दुपारी उलथल्या. आठवड्याभरात समुद्राचा रंग बदलला, वारा फिरला, आणि एका सकाळी बावीसच्या बावीस गलबतं पाठ दाखवून निघाली. वाळूवर फाटके तंबू आणि उलटलेल्या दोन तोफा उरल्या. तटावर लोक नाचले. ती नाचली नाही. दीर तिच्याशी बोलत नव्हता, आणि त्याच्या मनगटावर तीन काळेनिळे वळ होते.

शत्रूचं भुयार सापडलं ते तटापासून दोनशे पावलांवर. समुद्राचं पाणी शिरून ते केव्हाच बुडालं होतं. आत शेवाळ धरलं होतं. महिनाभर तरी तिथे माणूस गेला नसावा. हे ऐकल्यावर दीर पहार घेऊन उठला, आणि किल्लेदाराने चार माणसं दिली. ती म्हणाली, "तळघरातून नको. बाहेरून, खंदकातून खणा." तेवढं तिचं ऐकलं गेलं.

तीनबोट्या कोसळलेल्या छताखालीच होता. छातीवर असा धोंडा, की दुसरा श्वास घ्यायलाही त्याला उसंत मिळाली नसेल. शेजारच्या पणतीत तेल काठोकाठ होतं. पेटवली आणि विझली, एवढंच. त्याचा डावा हात पोटावर होता, बिचाऱ्याची तीन बोटं हातोडीभोवती मिटलेली. दीर बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला. मग स्वतःच्या मनगटाकडे.

त्याच्या पुढे, ढिगाऱ्यापासून भिंतीपर्यंत, दहा पावलांचं मोकळं भुयार होतं. जमिनीवर धुळीचा मऊ थर, आणि त्यावर पावलाचा एकही ठसा नाही. भिंतीतल्या दगडांमधला चुना सगळीकडे अभंग, वाळून टणक झालेला.

"वहिनी," दीर म्हणाला. तिच्या पायांशी बसून तो लहान पोरासारखा रडला. तीही रडली, महिन्याभरात पहिल्यांदा, पोटभर. आपण याला दोनदा गाडलं नव्हतं. तो एकदाच गेला होता, आणि आपण त्याच्या नावाची राखण केली होती.

६

घरावर नवं छप्पर चढलं. तीच परात आता पुन्हा पीठ मळायला वापरात आली. एका बाजूला हातोडीचे दोन पोचे पडले होते, तेवढं सोडलं तर चांगली होती. विहीर अंगणापासून हाकेच्या अंतरावर. सकाळचं ऊन पडलं की सासूबाई काठी घेऊन तिच्या कट्ट्याला टेकून बसत. एके दिवशी ती तिथेच पीठ मळत होती, आणि जवळच भरलेली बादली ठेवली होती.

ठक ठक ठक. ठक.

विहिरीतून. खोलवरून, पण स्पष्ट.

तिने बादलीत पाहिलं. पाण्यात आभाळ होतं आणि ते हलत नव्हतं.

सासूबाईंची काठी उचलली गेली. तिने पिठाच्या हाताने ती मधल्यामध्ये धरली आणि हळूच काढून घेतली. मग पिठाचा गोळा फडक्यावर ठेवला, परात पालथी केली आणि मुठीने दोनदा बडवली. आवाज विहिरीत उतरत गेला. ठोके थांबले.

"कोण गं?" सासूबाईंनी विचारलं. आवाज नाही, पण सुनेचा चेहरा त्यांना दिसत होता.

"कुणी नाही, आई." ती त्यांच्या कानाशी वाकली. "एक वेढा उठलेला नाही अजून."

तिने दोराला घागर बांधली आणि विहिरीत सोडली. ही विहीर तिच्या नवऱ्याने खणली होती, बोटं देऊन. ती कुणाच्या भीतीने टाकून द्यायची नव्हती. घागर बुडली, भरली. अर्ध्यावर आली तेव्हा दोर एकाएकी जड झाला, माणसाएवढा जड. तिने खाली वाकून पाहिलं नाही. पाय रोवले आणि दोर होता तिथेच धरून ठेवला, एक बोटभर वर नाही, एक बोटभर खाली नाही.

"माझा माणूस मी ओळखते," ती म्हणाली. "सोड."

हातांची आग होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग दोर हलका झाला. घागर वर आली, काठोकाठ. ओंजळ भरून ती आधी स्वतः प्यायली, मग सासूबाईंना पाजलं. खाली पुन्हा सुरुवात झाली. तीन झरझर, मग एक.

तिने परात सुलटी केली, पिठाचा गोळा पुन्हा पुढ्यात ओढला आणि मळायला लागली.

"बस म्हणावं," ती म्हणाली. "पाणी आहे आमच्याकडे."